अक्कांचं शिळं पाणी

गुरुवारी सकाळी सात वाजता नळाला पाणी आलं. साडेसात वाजता अक्का हौदाजवळ पडल्या. दहा वाजता त्यांना इस्पितळात नेलं. दुपारी घरी येऊन मी माशाचं पाणी बदललं.

गेले आठ महिने मी हे एवढ्याच चार वाक्यांत सांगत आलो आहे. ऐकणारे पहिल्या तीन वाक्यांवर हळहळतात. चौथं मी का सांगितलं, ते कोणी विचारत नाही. आमच्या कमरीपेठेतल्या गल्लीत ते फक्त दोघींना न सांगता कळलं. त्यांतली एक म्हणजे अक्का.

अक्का माझ्या घरमालकीण. सरकारी इस्पितळात नोकरीभर नर्स होत्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्या हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. साडीला डाव्या खांद्याखाली उलटं घड्याळ टाचलेलं असे, वाकून बघितलं की वेळ सुलट दिसावी असं. दूधवाला आला की त्या दुधाआधी त्याचे डोळे बघत. वाण्याच्या यादीपासून धोब्याच्या कपड्यांपर्यंत सगळं जुन्या कोऱ्या केसपेपरांवर लिहीत, त्यामुळे आमच्या घरात साखरही ‘रुग्णाची तक्रार’ या रकान्याखाली येई.

अकरा वर्षांपूर्वी मी अळणावरहून इथं नोकरीला आलो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही.

“जीभ दाखव,” म्हणाल्या.

हातात बॅग धरून, उंबऱ्याबाहेर उभा राहून मी जीभ दाखवली.

“पांढरी आहे. हॉटेलात जेवतोस. इथं राहायचं तर वेळेवर जेवायचं. करतोस काय?”

“कॉलेजच्या लायब्ररीत आहे.”

“बरं. लायब्ररी, वर जा आणि खिडकी उघड. खोली कोंदलीय.”

तेव्हापासून मी लायब्ररी. ‘लायब्ररी, खाली ये.’ ‘लायब्ररी, भात झालाय.’ एकदा माझे वडील गावाहून आले आणि त्यांनी मला नावाने हाक मारली, तर अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “इथं त्या नावाचं कोणी नाही.” मग त्यांच्या लक्षात आलं. वडिलांना त्यांनी कॉफी दिली आणि त्यांचीही जीभ बघितली.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवशी गल्लीतल्या माणसांना दुसरं काही सुचत नाही. पाणी यायच्या आत घागरी, पिंपं, बादल्या, सगळं रिकामं करायचं, चिंच लावून घासायचं आणि नवं पाणी भरायचं. उरलेलं जुनं पाणी शिळं. ते रस्त्यावर ओततात, पायऱ्यांवर ओततात. आठवडाभर जे पाणी वाटीवाटीने पुरवून वापरलं, तेच त्या सकाळी कोणाला नकोसं होतं. माझ्या आईच्या घरीही हेच होतं. ताजं पाणी आलं असता शिळं ठेवणं म्हणजे घरात बाईमाणूस नसल्याचं लक्षण.

अक्का मात्र त्या सकाळी एक बादली घेऊन गल्लीत फिरत.

“ओतू नको, ओतू नको. इकडे दे.”

समोरची गौरव्वा तोंडाला पदर लावून हसे. ती कन्नड बोलणारी, पण अक्कांशी तिचं भांडण नेहमी मराठीत चाले. “अक्का, सगळी गल्ली ताजं पाणी भरालीय, तुम्ही खरकटं गोळा करालाय. माणसं काय म्हणतील?”

“माणसं काय म्हणतात ते मी नोकरीभर ऐकलंय. भूल दिल्यावर तर फारच ऐकलंय. ओत इथं.”

ते पाणी त्या गच्चीवर उघड्या बादल्यांत, वर पातळ फडकं बांधून ठेवत. प्यायच्याही तेच, उकळून. नव्या पाण्याला दोन दिवस हात लावत नसत. “ताजं पाणी नव्या डॉक्टरासारखं,” म्हणत. “अंगाला वास असतो अजून. जरा बसू दे, मग जवळ जा.” मला वाटे की हा काटकसरीचा चाळा आहे. कधी विचारलं नाही. माझ्या हाताखाली कॉलेजातली सगळी पुस्तकं होती, आणि मी ना कधी त्यांना विचारलं, ना कधी एखादं उघडून बघितलं.

त्या गुरुवारी मासा घरी येऊन तीन वर्षं होत आली होती. अक्का चष्म्याची काडी दुरुस्त करायला कोप्पीकर रोडला गेल्या होत्या. तिथल्या एका बोळात रंगीत मासे विकणारं दुकान आहे. हे मासे एकमेकांना फाडतात म्हणून प्रत्येकाला वेगळ्या प्लॅस्टिकच्या ग्लासात ठेवलेलं असतं. फायटर मासा म्हणतात त्याला. मी त्या दिवशी सोबत होतो. एका ग्लासातला निळा मासा कुशीवर तरंगत होता, पोट वाटाण्यासारखं फुगलेलं.

“हा दे,” अक्का म्हणाल्या.

“तो जातोय हो आज-उद्या. लाल घ्या की, लाल झकास आहे.”

“लाल बराय ना? मग त्याला कशाला घेऊ? मला आजारी दे.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

घरी त्यांनी माशाला काचेच्या पेटीत ‘ॲडमिट’ केलं. पेटीच्या तीन बाजूंना आपल्या युनिफॉर्मच्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला, उजेड आणि थंडी लागू नये म्हणून. केसपेपर काढला. नावाच्या रकान्यात रेघ. मी विचारलं, नाव काय ठेवायचं? “पेशंट,” म्हणाल्या. “नाव घेऊन हाक मारायला लागलं की सुई टोचताना हात कापतो.” आणि त्याच दमात, “लायब्ररी, टॉर्च धर.”

त्यांचं तपासणं बघण्यासारखं होतं. आधी पाच मिनिटं काहीच करत नसत, नुसत्या बसत. मग घड्याळ उचलून कल्ले मोजत, मिनिटाला किती वेळा हलतात ते. मग शेपटी उघडी की मिटलेली, कडा झडल्यात का, अंगावर टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ चमकते का, आणि वरून बघून खवले उभे राहिलेत का. “खवले उभे राहिले की आत पाणी झालं. मग आपल्या हातात काही नाही. ह्याचे नाहीत. ह्याला नुसतं खायला घालून घालून मारत आणलंय.” निदान बद्धकोष्ठ. उपचार तीन दिवस लंघन.

गौरव्वा येऊन डोकावली. “इदु सत्त ऐत्री, अक्का. मेलंय हे.”

“मेलेले मी बघितलेत. ते असे रागाने बघत नाहीत.”

चौथ्या दिवशी उकडलेल्या वाटाण्याचं साल काढून, मोहरीएवढा तुकडा दाभणाच्या टोकावर धरून त्यांनी पेशंटला भरवला. पाचव्या दिवशी मी वाचनकक्षात होतो, परीक्षेचे दिवस, पन्नास मुलं मान खाली घालून बसलेली, आणि माझा फोन वाजला. अक्कांचा आवाज फोनबाहेर ऐकू जायचा.

“लायब्ररी, पेशंटला झाली.”

पन्नास मुलांनी मान वर केली. मी “अभिनंदन” म्हणालो.

तेव्हापासून तो मासा खालच्या खोलीत, त्यांच्या खाटेशेजारी राहिला. बदामाचं वाळकं पान त्या पाण्यात टाकत. बाजारातल्या बदामाचं नव्हे, शाळेच्या आवारात मोठ्या पानांचं झाड असतं ते. त्याने पाणी कोऱ्या चहासारखं होई. मला ते गढूळ वाटे. अक्कांची नजर आता कमी झालीय, पाणी घाण झालेलं त्यांना कळत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. आदर म्हणून मी ते बोललो नाही. आता वाटतं, ज्या गोष्टी विचारून मोकळं व्हायचं असतं त्या आपण आदराच्या नावाखाली दाबून ठेवतो.

तर तो गुरुवार.

अक्का ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पडल्या जागेवरून. “हलवू नका. पाय बाहेर वळलाय बघ, आखूड झालाय. खुबा गेला.” त्यांचा पुतण्या तारिहाळच्या कारखान्यात कामाला आहे, तो गाडी घेऊन साडेनऊला आला. गाडीत ठेवताना अक्का मला म्हणाल्या, “पेशंटकडे लक्ष ठेव.”

दुपारी मी परतलो. गल्लीत भांडी घासल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज अजून चालू होता. घर रिकामं होतं आणि मला स्वस्थ बसवेना. माझ्या आईने अशा वेळी जे केलं असतं ते मी केलं. गच्चीवरच्या सगळ्या बादल्या ओतल्या, घासल्या, ताज्या पाण्याने भरल्या आणि झाकणं लावली. अक्का परत येतील तेव्हा घर लख्ख दिसावं. मग माशाच्या पेटीकडे वळलो. चहासारखं पाणी मोरीत ओतलं, पान कचऱ्यात टाकलं, काच घासली, आणि नळाचं पाणी भरलं. पेटी इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. निळा मासा पलीकडच्या भिंतीसकट दिसत होता. मला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी तो तळाशी होता. शेपटी मिटलेल्या छत्रीसारखी. संध्याकाळी इस्पितळात अक्कांनी विचारलं, “पेशंट कसा आहे?”

“बरा आहे.”

“खाल्लं?”

“खाल्लं.”

शनिवारी तो वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायचा आणि परत खाली बुडायचा. निळा रंग धुतल्यासारखा राखाडी झाला होता. मी इस्पितळात गेलोच नाही. संध्याकाळी पुतण्याच्या फोनवर फोन केला. खुब्याचं ऑपरेशन सोमवारनंतर, छातीत थोडा कफ वाटतोय, असं तो म्हणाला. मग फोन अक्कांकडे गेला.

“आला नाहीस आज.”

“काम होतं.”

“पेशंट समोर आहे?”

“आहे.”

“कल्ले मोजून सांग.”

मी पेटीकडे बघितलं. “साठ,” म्हणालो.

पलीकडून त्यांचा आवाज आला, धाप लागलेला, पण नेहमीचाच.

“लायब्ररी, घड्याळ माझ्याकडे आहे. तू सात सेकंदांत मिनिट मोजलंस. आता मोज.”

मी मोजले. फोन कानाला, डोळे काचेला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि दोन्ही मोजण्यांची गल्लत होऊ नये म्हणून मी ओठ हलवत होतो.

“एकशे बारा.”

“शेपटी?”

“मिटलेली.”

“कडा?”

“लालसर.”

“वरून बघ. खवले?”

“बसलेले आहेत.”

“मग हातात आहे. पाणी कसं दिसतंय?”

“स्वच्छ.”

फोनवर मागे कोणाची तरी चाकांची खुर्ची गेल्याचा आवाज आला.

“पान कुठाय?”

“टाकलं.”

“पाणी कुठलं घातलंस?”

“आलेलं.”

“गुरुवारचं? गुरुवारीच?”

“हो.”

“गच्चीवरचं?”

“तेही ओतलं. सगळं घासून नवं भरलं.” आणि मग, का ते माहीत नाही, “झाकणं लावलीत,” असंही सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“इरली बिडो,” अक्का म्हणाल्या. असू दे. इंजेक्शन घेताना रडणाऱ्या पेशंटांना त्या असंच म्हणत असाव्यात. “आता ऐक. नव्या पाण्यात औषध असतं, जंतू मारायचं. आपल्याला चालतं. त्याचे कल्ले भाजलेत त्याने. झाकण लावलंस म्हणजे ते आतच कोंडून राहिलं, म्हणून गच्चीवरचं अजून वापरू नको, झाकणं काढून ठेव. आज शिळं हवं. गल्लीत विचार. एकदम ओतू नको, तासाला एक पेला काढायचा, एक घालायचा. शाळेच्या आवारातून पान आण. पिवळं तोडू नको, आपोआप पडलेलं, वाळलेलं. खडेमीठ, चमच्याच्या टोकावर. आणि लिही. प्रत्येक वेळी वेळ घालून लिही.”

पाण्याच्या तिसऱ्या दिवशी शिळं पाणी कुठून मिळणार होतं? सगळ्यांनी गुरुवारीच ओतलेलं. तरी गौरव्वाचं दार वाजवलं. मी नीट बोलूही शकलो नाही, नुसतं “शिळं पाणी” म्हणालो.

ती आत गेली आणि एक भरलेली बादली घेऊन आली. वर फडकं बांधलं होतं, अक्का बांधायच्या तसंच.

“गुरुवारी अक्का आल्याच नाहीत न्यायला,” ती म्हणाली. “मी म्हटलं येतील. ठेवलं तसंच.” मग तिने माझ्या खांद्यावरून आमच्या उघड्या दारातली लख्ख पेटी बघितली, आणि माझ्याकडे. “तू बदललास होय?”

मी मान हलवली. शाळेच्या आवारात पान शोधायला तीच गेली, शिपायाला हाक मारून, फाटक उघडायला लावून.

रविवार मी पेटीसमोर काढला. पेला काढायचा, पेला घालायचा. पाण्याला हळूहळू रंग चढत गेला. केसपेपरवर माझ्या अक्षरात ओळी चढत गेल्या: एकशे आठ. एकशे नऊ. पंच्याण्णव. दुपारी शहाण्णव झाले तेव्हा त्या एकाने मला इतकं घाबरवलं की मी परत मोजले. संध्याकाळी शेपटीचं एक टोक उघडलं.

सोमवारी तो कागद घेऊन मी इस्पितळात गेलो. अक्कांना ऑक्सिजन लावला होता. ऑपरेशन पुढे ढकललं होतं, कफ वाढला होता. घड्याळ मात्र इस्पितळाच्या हिरव्या झग्यालाही टाचलेलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा मागितला, वरपासून खालपर्यंत वाचला.

“अक्षर चांगलं आहे,” म्हणाल्या.

“अक्का, मी ते पाणी...”

“पहिल्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या आणि दम खायला थांबल्या, “पहिल्या आठवड्यात वॉर्डातली सगळी थर्मामीटरं मी कढत पाण्यात धुतली होती. स्वच्छ व्हावीत म्हणून. सगळी फुटली. फरशीभर पारा. सिस्टर बघत राहिल्या.”

“काय म्हणाल्या?”

“हसल्या. मग मी रडले.” त्यांनी मास्कआड थोडं हसून बघितलं, खोकला आला. “स्वच्छतेचा फार सोस असतो नव्या माणसाला.”

मी बसून राहिलो. त्यांचे डोळे मिटले होते. कधी सुरू केलं ते कळलं नाही, पण मी त्यांच्या छातीवरचं घड्याळ बघत त्यांचे श्वास मोजत होतो.

“किती?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मला सात सेकंदांचं मिनिट आठवलं.

“छत्तीस,” मी म्हणालो.

“हं.” त्यांनी मान किंचित हलवली, माझं मोजणं त्यांच्या मोजण्याशी जुळलं असावं तशी. “आणि त्याचे?”

“निघताना सत्तर होते.”

“मग त्याला घरी सोडायला हरकत नाही.”

थोड्या वेळाने म्हणाल्या, “लायब्ररी, जेवलास?” मी हो म्हणालो. ते खोटं होतं, आणि त्यांनी जीभ बघायला मागितली नाही. त्या दिवशी मला कळलं की आता काही खरं नाही.

मंगळवारी सकाळी मासा वर आला आणि त्याने एक दाणा खाल्ला. मी पुतण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अक्का झोपेत आहेत, उठल्या की सांगतो. त्याने सांगितलं की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. बुधवारी पहाटे अक्का गेल्या.

गुरुवारी नळाला पाणी आलं.

गल्लीत नेहमीसारखा गलका झाला. मी वरच्या खिडकीत उभा होतो, खाली उतरायचं धैर्य नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा एवढ्या गलक्यात ‘ओतू नको’ असं कोणी ओरडत नव्हतं. गौरव्वा घासलेल्या घागरी उन्हात उपड्या घालत होती. मग तिने फडकं बांधलेली एक बादली उचलली, रस्ता ओलांडला आणि ती आमच्या पायरीवर ठेवली. वर बघितलं नाही. परत गेली.

पुतण्या म्हणाला, घर विकायचा विचार नाही, तुम्ही राहा. घड्याळ त्याने मला दिलं. ते मी साडीला टाचू शकत नाही आणि खिशात ठेवलं तर उलटं दिसतं, म्हणून पेटीजवळ खिळ्याला टांगलं आहे. कोरे केसपेपर अजून दीड गठ्ठा उरले आहेत. परवा वाण्याची यादी लिहायला एक घेतला आणि ‘रुग्णाची तक्रार’ या रकान्याशी येऊन बराच वेळ थांबलो. शेवटी त्याखाली साखर लिहिलं.

मला आता सगळे नावाने हाक मारतात. कधी कधी त्या नावाला ओ द्यायला मला क्षणभर उशीर होतो.

मासा आहे. त्याची शेपटी एका बाजूला थोडी आखूड राहिली. दर पाण्याच्या दिवशी पायरीवर एक बादली शिळं पाणी असतं, आणि मी ते आत घेतो.